नऊची शाळा, नाकी नऊ आणि गृहीत धरलेली आजी

प्रति,
पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती,
आमच्या मुलीची शाळा, डोंबिवली.

स. न. वि. वि.

मी दुसरी ‘ब’मधल्या एका मुलीचा आणि पाळणाघरातल्या एका अडीच वर्षांच्या मुलाचा बाबा. शाळा नऊची झाल्यापासून आमचा सकाळचा जो अर्धा तास अडलाय, त्याबद्दलचं हे सगळं खरं तर संघाच्या सभेत उभं राहून पाच मिनिटांत सांगण्याजोगं होतं. पण सभा बुधवारी सकाळी अकराला होती. बुधवारी सकाळी अकराला मी फोर्टमध्ये असतो, मुलांची आई परळच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर स्टिकर लावत असते, आणि आमच्या बिल्डिंगमधले बरेचसे आईबाप ठाण्याच्या पुढे कुठे कुठे विखुरलेले असतात. म्हणून पत्र. खुलं अशासाठी, की समितीला एकट्याने दिलेला अर्ज फायलीत जातो आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर दहा मिनिटांत ‘उद्या पीटीचा युनिफॉर्म आहे का?’च्या खाली गाडला जातो.

शाळेचं नाव लिहिलेलं नाही. शाळा वाईट नाही. उलट बाईंनी परवा पोरीला कणकण वाटतेय म्हणून स्वतःच्या फोनवरून मला फोन केला, आणि आई येईपर्यंत तिला स्टाफरूममध्ये स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं, हे आम्ही विसरणार नाही.

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज होईल. नऊची शाळा मला हवी आहे. ती मागे घ्या म्हणून हे पत्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला की, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. आपल्याकडे एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. त्यामुळे दोन्ही सत्रांची मोट बांधता बांधता हे घडायला या जूनपर्यंत वेळ लागला. लागू दे. झालं ना!

गेल्या वर्षी, पहिलीत, शाळा ७.१० ची होती. पोरगी पावणेसहाला उठायची, म्हणजे उठवली जायची. बेसिनसमोर उभ्या उभ्या, तोंडात ब्रश धरून झोपायची. फेस हनुवटीवरून ओघळून बनियनपर्यंत आलेला असायचा आणि हिचे डोळे मिटलेले. आम्ही दोघं संध्याकाळी साडेसात-आठला घरी पोचणार, जेवायला पावणेनऊ, झोपायला दहा. दहा ते पावणेसहा म्हणजे पावणेआठ तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. हा हिशेब आम्हाला कळत नव्हता असं नाही. कळून करणार काय? रविवारी ती साडेदहापर्यंत झोपायची आणि आम्ही आठवड्याची उधारी फेडल्यासारखे तिला उठवायचो नाही.

आता ती पावणेसातच्या पुढेमागे आपली आपण उठते. आणि बोलते. गेलं अख्खं वर्ष ही मुलगी सकाळी बोलतच नव्हती, हे मला ती बोलायला लागल्यावर कळलं. तिची आई साडेसहाला घर सोडते, त्यामुळे वेण्या माझ्याकडे आल्या. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर फुलं. पहिल्या आठवड्यात भांग नागमोडी पडायचा. एक वेणी कानाच्या वर, दुसरी कानाच्या मागे. ‘बाबा, तू डावीकडचे केस उजवीकडे घेतलेस.’ ‘चालतं गं.’ ‘बाईंना चालत नाही. आणि मला दुखतं.’ आता हात बसलाय. शेपटीच्या टोकाशी रिबिनीचा पहिला वेढा दातात धरायचा, ही युक्ती मला एका यूट्यूबवाल्या बाईने शिकवली. त्या दहा मिनिटांत पोरगी मला रात्रीची स्वप्नं सांगते. परवाच्या स्वप्नात आमची लोकल समुद्रात गेली होती आणि सगळे प्रवासी पाय वर घेऊन बसले होते. मी विचारलं, ‘बसायला जागा मिळाली होती सगळ्यांना?’ ती म्हणाली, ‘स्वप्न होतं बाबा.’

ही दहा मिनिटं शासनाने दिली, त्याबद्दल शासनाचे आभार. आता गाठ कुठे बसलीये ते सांगतो.

शाळा नऊची झाली. लोकल नऊची झाली नाही. माझ्या ऑफिसचा थंब साडेनऊचा, वर दहा मिनिटांची सवलत. तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापली जाते. त्यासाठी सव्वाआठच्या सुमाराची फास्ट पकडावी लागते, आणि ती पकडायला मी आठच्या आत घराबाहेर असायला हवा. पोरीची रिक्षा येते साडेआठला. शाळेचं फाटक उघडतं ८.५० ला. आठ ते साडेआठ. अर्धा तास. सगळं घोडं या अर्ध्या तासात अडलंय.

पूर्वी ७.१० ची शाळा होती तेव्हा आई जाता जाता तिला फाटकाशी सोडून स्टेशन गाठायची. लॅबमध्ये तेव्हा तिला उशिराची पाळी होती. झोपेचं वाटोळं व्हायचं, पण मूल एका मोठ्या माणसाच्या हातातून दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात जायचं. आता मध्ये अर्धा तास कोणाचाच हात नाही.

‘मग पाळणाघरात ठेवा की.’ हा सल्ला मला किमान सात जणांनी दिलाय. धाकट्याला मी पावणेआठला तिथेच सोडतो. पाळणाघरवाल्या मावशी प्रेमळ आहेत आणि स्पष्टही आहेत. म्हणाल्या, ‘सकाळी मी एकटी असते, पदरात चार लंगोटवाली. यांना टाकून मी हिला खाली रिक्षापर्यंत सोडायला कशी जाऊ?’ बरोबरच आहे. त्या चारांतला एक आमचाच. आणि तो आदल्या दिवशी गॅलरीच्या गजात डोकं अडकवून बसला होता, त्यामुळे मला फार बोलताही आलं नाही.

‘मग आईने शिफ्ट बदलून घ्यावी.’ हाही सल्ला आला. बाबाने बदलून घ्यावी, असं अजून कोणी म्हणालेलं नाही, ते जाऊ दे. मी स्वतःच विचारून पाहिलं. साहेब चांगले आहेत. महिन्यातून एखादा दिवस उशिरा चालेल म्हणाले. एखादा दिवस.

तर सध्याची व्यवस्था अशी आहे. पावणेआठला धाकटा पाळणाघरात. मग मी पोरीला घेऊन खाली येतो. वॉचमनकाकांच्या केबिनबाहेर प्लास्टिकची लाल खुर्ची आहे, तिचा एक पाय चिकटपट्टीने बांधलाय. तिच्यावर ती दप्तर मांडीवर घेऊन बसते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून नजर ठेवतात, म्हणजे कपडे वाळत घालता घालता मधून मधून वाकून बघतात. साडेआठला रिक्षा येते. काकू मला मेसेज टाकतात: ‘गेली.’ तो मेसेज येईपर्यंत मी गाडीत असतो खरा, पण गाडीत नसतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रिक्षा आलीच नाही. रिक्षाकाकांचं टायर मानपाडा रोडवर बसलं. त्यांनी मला फोन केला. गाडी दिव्याच्या पुढे होती. फास्टमध्ये त्या वेळी माणूस उभा नसतो, तर दोन्ही बाजूंनी धरलेला असतो. माझा फोन पँटच्या उजव्या खिशात थरथरतोय आणि उजवा हात कुणाच्या तरी सॅकमागे खांद्याच्या वर अडकलेला. तीनदा वाजला, थांबला. परत वाजला. ठाण्याला दार मोकळं झालं तेव्हा हात खाली आला. सात मिस्ड कॉल. तोवर वॉचमनकाकांनी काकूंना वर ओरडून सांगितलं होतं, केबिनला कुलूप घातलं होतं आणि पोरीचं बोट धरून, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर टाकून, चालत शाळेत नेऊन पोचवलं होतं. पावसात. त्यांच्या छत्रीच्या दोन काड्या तुटलेल्या होत्या असं पोरगी सांगते.

संध्याकाळी मी त्यांना काही पैसे द्यायला गेलो तर घेईनात. म्हणाले, ‘गावाकडं माझी नात तेवढीच हाय.’ दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना गेट सोडून गेल्याबद्दल लेखी समज दिली. सेक्रेटरीही चुकले असं म्हणता येत नाही. गेटवर माणूस नसताना चोरी झाली असती तर? कोणीच चुकलेलं नाही. रिक्षाकाका नाही, वॉचमनकाका नाही, सेक्रेटरी नाही, शाळा नाही. आणि सात वर्षांची मुलगी अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर.

यावर बराच विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की, आपल्या सगळ्या वेळापत्रकात एक व्यक्ती लपलेली आहे. आजी. कोणी तिचं नाव घेत नाही, पण प्रत्येक सूचना ती घरात आहे असं धरूनच लिहिलेली असते. ‘पावसामुळे आज शाळा ११.३० ला सुटेल’ हा मेसेज १०.५५ ला येतो, तो आजीला येतो. ‘बुधवारी ११ ते १२ प्रगतिपुस्तक पाहण्यास यावे’, हेही आजीलाच. ‘मुलांना शाळेत सोडणे व नेणे ही पालकांची जबाबदारी राहील’ यातल्या ‘पालकां’नाही नऊवारी किंवा गाऊन असतो आणि तिचे गुडघे दुखत नाहीत.

आमच्याकडे आजी आहे. वाईला. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवून निवृत्त झालेली. थोरली झाली तेव्हा ती तीन वर्षं आमच्याकडे राहिली, त्यातच एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग परत गेली. आता तिथे तिचं भजनी मंडळ आहे, भिशी आहे, सकाळी घाटावर फिरायला जायचा चार जणींचा ग्रुप आहे. या जूनमध्ये मी तिला फोन करून अडचण सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘बत्तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली, पण पगार घेऊन. दिवाळीला येईन. गणपतीला येईन. रोज सकाळी अर्धा तास बसायला डोंबिवलीला राहायला येऊ का?’ मग थोडं थांबून, ‘येऊ का खरंच?’ मी नको म्हणालो. तिचा आवाज विचारताना उतरला होता, तो मला ऐकू आला. आपल्या शाळेचं वेळापत्रक बसावं म्हणून एका बाईने आपला घाट आणि आपल्या मैत्रिणी सोडायच्या, हे मला मंजूर नाही.

आणि आमच्याकडे निदान लांबवर का होईना, आजी आहे. वर्गात एकट्या आईवर घर असलेली दोन मुलं आहेत. मी त्यांच्या वतीने बोलत नाही. त्यांचं त्या बोलतील. फक्त बुधवारी अकराला बोलणार नाहीत, एवढं नक्की.

सरकारला हे काहीच ठाऊक नाही असं नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असं ठरलं. माझ्या ऑफिसात आम्ही ३८ आहोत. आणि असती ५०, तरी सकाळच्या फास्टमध्ये अडीच वर्षांचं मूल काखोटीला मारून कोण चढणार? बाकी २६ आठवडे संपले की मूल मोठं झालं, असं कायदा धरतो की काय न कळे. आमचा धाकटा तेव्हा पालथा पडायला नुकता शिकला होता.

आता दिंडीबद्दल. हा विषय अर्ध्या तासाचा नाही, पण रोग तोच आहे.

आषाढीच्या आधीच्या गुरुवारी रात्री ९.४२ ला ग्रुपवर सूचना आली: उद्या शाळेत दिंडी आहे, मुलींनी परकर-पोलकं, मुलांनी सदरा-टोपी, प्रत्येकाने टाळ आणावेत. प्रत्येकाने टाळ! पंढरपुरातसुद्धा प्रत्येकाकडे नसतात. परकर-पोलकं गेल्या वर्षीचं होतं. खालची मुडपलेली पट्टी उसवली की चार बोटं लांब होतं, ते तिच्या आईने उसवलं. टाळांसाठी मी गाडी काढून फडके रोडला गेलो. तुम्ही डोंबिवलीकर आहात, तुम्हाला सांगायला नको. रात्री दहाला फडके रोडवर खायला हवं ते मिळतं, टाळ मिळत नाहीत. एका बंद होत असलेल्या पूजा-साहित्याच्या दुकानात विचारलं तर दुकानदार अर्धं शटर ओढता ओढता म्हणाला, ‘तुम्ही नववे. सगळे एकाच शाळेचे का?’

घरी आलो. पोरगी जागीच होती, कारण टाळ येईपर्यंत झोपणार नाही असं तिने जाहीर केलं होतं. शासनाने दिलेली झोप आपण अशी परत घेतो. शेवटी बायकोने ओट्याखालचा कप्पा उघडला आणि वर काळी मूठ असलेली स्टीलची दोन झाकणं काढली: एक साखरेच्या डब्याचं, एक पोह्यांच्या. मुठींना लाल रिबीन बांधली. वाजवून पाहिलं. आवाज टाळासारखा नव्हता. भांडी पडल्यासारखा होता. धाकटा त्या आवाजाने उठला आणि ‘मला पण, मला पण’ करत रात्री अकराला स्वयंपाकघरात विठ्ठल विठ्ठल सुरू झालं. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छत ठोकल्याचा आवाज आला. आम्ही दोघं ओट्याला टेकून इतके हसलो, की बायको तिथेच फरशीवर बसली. सकाळी पावणेपाचचा गजर लावायचा होता तिला.

दिंडी छान झाली म्हणे. फोटो पाहिले. पोरीने झाकणं डोक्यावर धरली होती. आता हेच चार दिवस आधी कळलं असतं तर? तर आम्ही त्या रात्री हसलो नसतो, हे मान्य. पण हसण्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम नको. शाळेत दिंडी आहे हे आषाढ लागला तेव्हाच ठरलं असणार. पंचांग काही गुरुवारी रात्री छापत नाहीत.

तक्रार करून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून काय हवं तेही सांगतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाला जागा दिली. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ व्हायला हवा, प्रत्येक पालक त्याचा सभासद, आणि इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून समिती. या वर्षी माझी चिठ्ठी निघाली नाही. पण सभासद आहे, तेव्हा सभासद म्हणून मागतो.

शाळेचं फाटक पावणेआठला उघडा. वर्ग नऊलाच भरू देत. तळमजल्याचा सभागृहाचा हॉल रिकामा असतो. तिथे चटया घाला, वाचनालयातली शंभर-दीडशे गोष्टीची पुस्तकं एका पेटीत ठेवा, कॅरम असेल तर कॅरम. शिकवू नका. कृपा करून त्या वेळेचा ‘संस्कार वर्ग’ किंवा ‘वैदिक गणित’ करू नका. ज्याला पेंगायचं त्याला पेंगू द्या. आम्हाला फक्त आमचं मूल एका मोठ्या माणसाच्या समोर हवं आहे.

मला माहीत आहे, यावर पहिलं उत्तर काय येईल. सुरक्षितता. ते उत्तर मी खोडून काढणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं, ते आपल्यापासून काही स्टेशनांवर घडलं. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी घरी येऊन पोरीकडे नुसता बघत बसायचो. शाळा तेव्हापासून बाहेरच्या माणसाला फाटकाच्या आत घेत नाही, ते योग्यच आहे आणि तसंच राहावं. पण मग खुर्चीचं काय? फाटकाच्या आत धोका असू शकतो म्हणून आपण फाटक बंद ठेवतो आणि मुलं फाटकाबाहेर उभी राहतात. मी एके दिवशी रजा टाकून ८.२० ला शाळेसमोर उभा राहून मोजलं. सतरा मुलं. चौघं वडापावच्या गाडीच्या आडोशाला, दोघी दुसऱ्याच्या स्कूटरवर बसलेल्या, एक जण गटाराच्या कडेने चालायचा खेळ खेळत होता. त्यांच्यासोबत एकही मोठं माणूस नव्हतं. या सतरांची जबाबदारी ८.५० पर्यंत कायद्याने कोणाची आहे, हे तुम्ही सांगाल. मी माझ्या डोळ्यांना काय दिसलं ते सांगतो.

हॉलमध्ये कॅमेरा आहे. शाळेच्या सेविकांपैकी एकीला सव्वा तास लवकर बोलवायचं, तर तिला त्याचे वेगळे पैसे द्यायचे, आम्ही भरू. बाईंना लवकर बोलवू नका. त्यांच्यातल्या दोघी टिटवाळ्याहून येतात, त्यांच्या घरीही पोरं आहेत आणि त्यांच्या पोरांच्याही शाळा नऊच्या झाल्या असतील. आमचा अर्धा तास सोडवायला त्यांचा अर्धा तास अडकवायचा, तर आपण काय मिळवलं? सेविकेसोबत रोज दोन पालक, त्यातली एक आई असलीच पाहिजे. ओळखपत्र घालून, आधी पोलिस पडताळणी करून. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत जी सखी सावित्री समिती असते, तिला आमची नावं तपासू देत. मी फाटकाबाहेरच्या त्या सतरा मुलांपैकी ज्यांचे आईबाप मला माहीत आहेत त्यांच्याशी बोललो. अकरा जण तयार आहेत. आठवड्यातून एकदा उशिरा जाणं ऑफिसात चालवून घेतात; रोज नाही चालत. म्हणजे अकरा जणांनी आपापली सवलत एकत्र केली, तर बाकी सगळ्यांचे सगळे दिवस सुटतात.

पुढच्या आठवड्यात काय आणायचं, काय घालायचं, कधी लवकर सुटणार, हे शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. पाऊस शुक्रवारी कळत नाही, हे मान्य. पावसाचं तेवढं सोडून. शनिवार-रविवार आम्ही मेगाब्लॉकच्या कृपेने घरीच असतो, टाळ आणू, वारली चित्राची बांबूची काडी आणू, दुर्वा आणू, म्हणाल ते आणू. आणि पुढची सभा शनिवारी घ्या. शनिवार जमत नसेल तर सकाळी पावणेआठला घ्या, हॉलमध्येच. मुलं मागे चटईवर वाचत बसतील आणि आपण समोर भांडू.

मंगळवार मला चालेल. साहेबांशी पुन्हा बोलून झालंय. त्या दिवशी मी नऊच्या पुढची गाडी धरेन. त्या गाडीत म्हणे कधी कधी बसायलाही मिळतं.

आपला,
दुसरी ‘ब’मधला एक बाबा

ता. क. : दिंडीच्या दिवशी पोरीने साखरेच्या डब्याचं झाकण नेलं होतं, आणलं ते दुसरंच. वरची मूठ तशीच काळी, पण बोटभर लहान. आमच्या डब्यात पडतं आणि आत साखरेवर जाऊन बसतं. घरात मुंग्या झाल्यात. याचा अर्थ त्या गुरुवारी रात्री आणखी एका घरात ओट्याखालचा कप्पा उघडला गेला होता. ज्या कुणाच्या डब्यावर आमचं झाकण सैल बसत असेल, कडेला एका जागी चेपलेलं आहे, त्यांनी ते मुलाच्या दप्तरात घालून पाठवावं. तुमचं घासूनपुसून, रिबिनीसकट, पोरीच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय.